चौतिसावं पद्म

१

आशाबाईनं ते व्रत घेतलं ते काही देवळात नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात घेतलं. आत तिची एकुलती एक लेक दिव्यानी तापानं फणफणत होती. मलेरिया डोक्यात चढला होता आणि डॉक्टर नुसतं "पाहू" म्हणत होते. त्या "पाहू"चा अर्थ आईला कुणी सांगावा लागत नाही. आशाबाईनं लोकांच्या चिखलपायांनी भरलेल्या फरशीवर पदर पसरला आणि म्हणाली, "देवा, पोरगी उठून बसू दे. पाच चातुर्मास रोज तेहेतीस गोपद्मं काढीन. एक दिवस खंड पाडनार नाई." तिसऱ्या दिवशी दिव्यानी उठून बसली आणि तिनं वरणभात मागितला.

बायांनो, गोपद्मं तुम्हाला ठाऊकच आहेत, पण पोरीबाळींसाठी सांगते. गाईच्या पावलाची खूण, रांगोळीनं काढायची. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, रोज तेहेतीस. मग एकेकाला हळद, कुंकू, फूल. आशाबाईच्या सासूची शिस्त कडक होती. ती सांगायची, ओळीतलं एकही पद्म बिनपूजेचं राहिलं तर त्या दिवसाचं व्रत मोडलं. आणि जे पूजलं ते आपल्या पदरात घेतलं, मग ते वाकडं असो की सरळ.

आरमोरीच्या कडेला, जिथं घरं संपून धानाचे बांध सुरू होतात, तिथं आशाबाईचं घर. पुढच्या खोलीत देवघर आणि देवघरासमोर काळी फरशी. तिच्यावर अकरा-अकराच्या तीन ओळी. कधीतरी धान कापताना विळा अंगठ्याला लागला होता, तेव्हापासून तिच्या चिमटीतून रांगोळी थोडी उजवीकडे जास्त सुटे. त्यामुळे तिच्या प्रत्येक पद्माचा उजवा खूर डाव्यापेक्षा अंमळ मोठा असायचा. हजारात ओळखू आलं असतं तिचं पद्म.

चार वर्षं झाली. व्रत सुरळीत, पोरगी ठणठणीत.

२

पाचव्या वर्षी दिव्यानी पावसाळाभर घरी राहायला आली. नागपूरच्या कॉलेजात ती गोगलगायींवर पीएच.डी. करत होती आणि तिचे सगळे जीव इथल्याच जंगलातले. मागच्या धानाच्या खोलीत तिनं टेबल टाकलं, त्यावर मायक्रोस्कोप मांडला आणि आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ताब्यात घेतल्या.

"लोकाईच्या पोरी डॉक्टर होतात मानसाईच्या," तिचे वडील गुणवंतराव हसायचे. "आमची होऊन राह्यली शेंबडाची."

"बाबा, तुमी फक्त धान पाहा," ती म्हणायची.

सुकरी आठवड्यातून दोनदा जंगलातल्या आपल्या गावाहून बाजारात यायची. सात्या नावाची अळिंबी आणि वास्ते म्हणजे बांबूचे कोंब विकायची. आशाबाईची ओसरी तिच्या नेहमीच्या वाटेवरची. श्रावणातल्या एका सकाळी तिनं टोपलं उतरवलं आणि वास्ते मोजता मोजता तिचा हात मध्येच थांबला.

तळाशी काहीतरी होतं. बोटाएवढं लांब, भिजलेल्या सालीच्या रंगाचं. पाठीवर नखाएवढा शंख, मधाच्या रंगाचा, इतका पातळ की त्याच्याखाली काही धडधडताना दिसावं.

"हे मी नाई आनलं, बाई," सुकरी म्हणाली. "हे आलं."

दिव्यानी नाचायचीच बाकी राहिली. "आई, अर्धी गोगलगाय आहे ही! शंख आहे, पन त्यात मावत नाई. घर लहान पडलं न् अंग वाढलं."

"मंग ऊन लागलं तं जाते कुठी बिचारी?"

"कुठीच नाई. हे पाह्य, दोन्ही बाजूनं अंगाचा पदर वर येते न् शंखावर झाकते. हा पदर केवढा, शेपटीवर शिंग आहे का, शंखाचे वेढे किती, यावरून ओळखाची कोनती ते."

सुकरी वाकून पाहत होती. "हिची माय कुठी आहे?"

"काऊन?"

"पिल्लू होय हे."

"एवढं मोठं? ह्यॅ!" दिव्यानी हसली.

सुकरी हसली नाही. आशाबाईनं चहा ठेवला होता, तो उकळायच्या आत ती टोपलं डोक्यावर घेऊन निघून गेली. वास्ते विसरून गेली.

३

दोन दिवस दिव्यानी पुस्तकांत आणि फोटोंत बुडून राहिली. आजवर आणलेल्या सहाच्या सहा गोगलगायींना नाव मिळालं होतं. ही सातवी कुठल्याच कुळात नीट बसेना. शंख एकासारखा, पदर दुसऱ्यासारखा, शिंग कुणासारखंच नाही. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि आईच्या गळ्यात पडली. "नवी आहे आई. जगात कोनी लिहून ठेवली नाई. नाव मी ठेवीन."

आशाबाईला भरून आलं. मग तिनं विचारलं, "आता सोडशील ना तिले?"

"आतून पाह्यल्याशिवाय कसं चालन? कापा लागते."

"चातुर्मासात? घरात?"

"अगं दुखत नाई तिले. पान्यात झोपते, बस."

ते झोपणं आशाबाईनं पाहिलं. उकळून गार केलेलं पाणी बरणीत काठोकाठ भरायचं, हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही, जीव आत सोडायचा आणि झाकण घट्ट लावायचं. म्हणजे तो आखडून मरत नाही. हवा शोधत शोधत पूर्ण लांब होतो आणि तसाच राहतो, मापायला सोपा. दिव्यानीनं झाकण लावलं, चिठ्ठीवर 'सात' लिहिलं आणि जेवायला आली.

आशाबाई भांडी घासताना थांबली. मागच्या खोलीतून आवाज येत होता. काचेवर ओलं बोट फिरवल्यासारखा, अगदी बारीक. मग तो थांबला.

पण थांबण्याआधी तो आतून नाही, बाहेरून येत होता असं तिला वाटलं. खिडकीच्या काचेवरून. पावसाचे दिवस, फांदी घासली असेल, ती स्वतःला म्हणाली. त्या खिडकीपाशी झाड नव्हतं हे तिला दुसऱ्या दिवशी आठवलं.

४

सकाळी तिनं नेहमीसारखी पद्मं काढली आणि फुलं आणायला अंगणात गेली. परत येऊन हळदकुंकू वाहू लागली. अकरा, बावीस, तेहेतीस. आणि बोट पुढच्यावर गेलं.

चौतीस.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक जास्तीचं पद्म होतं. त्यात रांगोळी नव्हती. पेज सांडून वाळावी तशी चकाकी होती नुसती, आणि कडेनं फरशी अजून ओली होती. उजवा खूर डाव्यापेक्षा अंमळ मोठा.

आशाबाईनं हात मागं घेतला. मग मन समजूत घालू लागलं. आपलाच ओला हात टेकला असेल, मोजण्यात चूक झाली असेल, वयही होत चाललं. पण उजवा खूर तर आपलाच. आणि ओळीतलं पद्म बिनपूजेचं ठेवून कसं चालेल? शेवटचं वर्ष, एवढ्याशासाठी खंड पडायचा आणि पोरीच्या जिवावर यायचं.

तिनं चौतिसाव्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर जास्वंद ठेवलं आणि हात जोडले.

बायांनो, हीच चूक झाली. पण तुमच्यातली कोणती वेगळं वागली असती, सांगा मला.

५

त्या दुपारी दिव्यानीनं ताट बाजूला सारलं. "आई, मीठ लय झालं."

भाजी नेहमीची होती. दुसऱ्या दिवशी आशाबाईनं अर्धंच मीठ घातलं, तरी पोरगी म्हणाली, तोंड भाजते. तिसऱ्या दिवशी तिनं नुसता आळणी भात खाल्ला.

आशाबाई मनातून हरखली. चातुर्मासात आळणी जेवणं हा मोठा नेम. नवऱ्याला म्हणाली, "सांगितलं नाई तिनं, पन माह्यासाठी धरला पोरीनं नेम."

"धरला असन," गुणवंतराव म्हणाले. "पन ते मोकळ्या फरशीवर काऊन झोपते, पलंग सोडून?"

चौतिसावं पद्म रोज उमटत होतं. आशाबाई फुलं आणायला गेली की उमटे. ती आठव्या दिवशी फुलं आधीच आणून ठेवून तिथंच बसून राहिली, तर त्या दिवशी ती दाराशी दूधवाल्याला भांडं द्यायला उठली तेवढ्यात उमटलं. एक दिवस तिनं मन घट्ट केलं आणि ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं. फडक्याला तार सुटत होती, डिंकासारखी. हात तीनदा धुतले तेव्हा कुठं बोटं सुटली.

देवघराकडे वळून पाहिलं तर फरशी काळी, कोरडी. तिची तेहेतीसच्या तेहेतीस गेली होती. रांगोळीचा कणसुद्धा नव्हता.

मागच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. दिव्यानी टेबलाशी खाली बसली होती, श्वास लागलेला, ओठ निळे. "काई नाई आई," ती म्हणाली, "पान्यात असल्यासारखं वाटलं एकदम."

आशाबाईनं धावत जाऊन तेहेतीस पद्मं पुन्हा काढली. पाठ वळवून उभी राहिली आणि शंभर मोजले. वळली तेव्हा चौतिसावं आलेलं होतं. तिनं त्याला कुंकू लावलं. मागं दिव्यानीचा श्वास हळूहळू नेहमीचा झाला.

गुणवंतरावांना तिनं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "गोगलगाय शिरली असन घरात, ते सारं चिकट करून ठेवते. फरशीवर मीठ टाक मुठभर. दोन मिंटात इरघळते."

"पद्म कसं काढीन गोगलगाय?"

"तुले दिसते तसं." मग जरा थांबून, लेकीच्या खोलीकडे पाहत, "रक्त तपासून आनतो पोरीचं."

रक्त तपासलं. मलेरिया नव्हता. काहीच नव्हतं.

६

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिव्यानीनं सातवी कापली. दोन तास ती मायक्रोस्कोपवर वाकून होती, मग खुर्चीत मागं रेलली. "सुकरी बरोबर बोलली आई. पिल्लूच आहे हे. आतले अवयव तयारच झाले नाई अजून. पिल्लावरून नाव नाई देता येत. मोठी पायजे."

"मंग हे वाया गेलं?"

"मोठी सापडली की झालं. आसपासच असन." ती हे म्हणाली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता, आणि आशाबाईला एवढंच दिसलं की लेकीच्या मानेवर, केसांच्या खाली, पेजेसारखी चकाकी आहे. तिनं पदरानं पुसली. गार होती. पोरगी आईच्या हाताकडे सरकली नाही, भिंतीच्या ओलीकडे सरकली.

त्या दुपारी आभाळ इतकं भरून आलं की घरात दिवा लावावा लागला असता. आशाबाईनं लावला नाही. गुणवंतराव बांधावर गेले होते, दिव्यानी मागच्या खोलीत फरशीवर कुशीला झोपली होती. आशाबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली, मुठीत जाडं मीठ घेऊन. सकाळपासून तिनं पद्मं काढली नव्हती. रांगोळीचा डबा देवघरासमोर उघडा ठेवला होता. पाहू म्हटलं, आपण नसताना काय होतं.

उभ्या उभ्या तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बाई व्रत उगाच करत नाही. काहीतरी मागायचं असतं म्हणून करते. आपण लेकरू मागितलं. मग हे जे कुणी आपल्या ओळीला ओळ लावून बसतं, आपल्या हातची पूजा घेतं, ते काय मागत असेल?

फरशीवर ओलं काही ठेवल्याचा आवाज झाला. मग घासल्याचा, सावकाश, जपून.

तिनं दाराच्या फटीतून पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, एवढंच दिसलं. देवघरासमोर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, बाई रांगोळीला बसते तसं, एक गुडघा मोडून. पाठीवर मधाच्या रंगाचं काही होतं, सुपाएवढं, त्या पाठीला फार अपुरं. त्याच्याखाली धडधड दिसत होती. हात म्हणावा असं काही फरशीवर टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. शिकणाऱ्या पोरीसारखं. चुकलं की थांबायचं, मग पुन्हा तिथूनच.

आशाबाईची मूठ वर गेली. एवढ्या जवळून नेम चुकला नसता.

पण ती व्रतातली बाई होती. देवासमोर बसलेल्या दुसऱ्या आईच्या पाठीवर मीठ टाकायला तिचा हात होईना. ती पुटपुटली, "बाई, चुकलं आमचं. पोर आहे माही, तिले काय कळते."

फरशीवरचा आवाज थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही. परपुरुष आल्यावर सुनेनं करावं तसं दोन्ही बाजूंनी अंगाचा पदर वर आला आणि त्या मधाच्या रंगावरून पुढं ओढला गेला. नीट. अदबीनं.

आणि मागच्या खोलीतून दिव्यानी झोपेतच बोलली. गोड, लहानपणीच्या आवाजात.

"आली, आई."

आशाबाईनं तिला हाक मारली नव्हती.

७

त्या दिवशी आशाबाईनं काय काय केलं ते तिला नीट सांगता येत नाही. मीठ तिथंच पडलं. ती मागच्या खोलीकडे धावली, लेकीला दोन्ही हातांनी कवटाळून बसली आणि गुणवंतराव येईपर्यंत सुटली नाही. ते आले तेव्हा फरशीवर कुणी नव्हतं. ओल होती आणि अर्धं राहिलेलं एक पद्म. अंधार पडायच्या आत तिनं आपली तेहेतीस काढली, ते अर्धंही रांगोळीनं पुरं केलं आणि पूजलं. गुणवंतराव दारात उभं राहून पाहत होते.

दुसऱ्या बाजाराला सुकरी आली. आशाबाईनं बरणी क्रमांक सात तिच्यासमोर ठेवली. स्पिरिटमध्ये तुकडे तरंगत होते. दिव्यानी चौकटीला टेकून पाहत होती. तिची कित्येक दिवसांची मेहनत होती ती. पण ती अडवायला आली नाही. नुसती थंडीनं कुडकुडत होती, उन्हात.

"जिथून आलं तिथी ठेवशील, सुकरीबाई?"

सुकरीनं बरणी उचलली, प्रकाशात धरली. "मेलेलं लेकरू वापस देऊन राह्यली, बाई."

"दुसरं काय देऊ मी?"

सुकरीनं दिव्यानीकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "इथून न्या हिले," एवढंच म्हणाली.

दिव्यानीला नागपूरला नेलं, तिसऱ्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत. हळूहळू अंगात ऊब आली. दिवाळीत फोनवर म्हणाली, "आई, आज वरनात चिमूटभर मीठ घातलं, चाललं." आशाबाई फोन कानाला धरून रडली. वहीत सातव्या क्रमांकापुढं अजून जागा कोरी आहे. दिव्यानी म्हणते, राहू दे. कार्तिकीला आशाबाईनं उद्यापन केलं, पाच सवाष्णी जेवल्या, व्रत सुफळ झालं.

तिचं झालं, बायांनो. दुसरीचं पहिलंच वर्ष होतं ते.

यंदाच्या आषाढी एकादशीला आशाबाई सवयीनं पहाटे उठून देवघरासमोर आली. यंदा काढायचं काही नव्हतं. काळ्या फरशीवर तीन ओळी आधीच काढलेल्या होत्या. अकरा, अकरा, अकरा. चकाकत होत्या. एकही पद्म चुकलेलं नव्हतं. आणि आता दोन्ही खूर सारखे होते. शिकली होती ती.

त्याच दिवशी दुपारी दिव्यानीचा फोन आला. आवाज लांबून आल्यासारखा, ओला. म्हणाली, "आई, घरी येते मी चार दिवस. जंगलात जायचं आहे. मोठी सापडन असं वाटते."

आशाबाईनं तिला शपथ घातली, नको येऊस. मग रांगोळीचा डबा उघडला आणि त्या तीन ओळींच्या शेजारी आपल्या तीन ओळी काढल्या. आणखी पाच वर्षांचा संकल्प सोडला. तेव्हापासून रोज तेहेतीसला तेहेतीस. दोघी आया शेजारी शेजारी बसून एकच लेकरू मागतात, आणि देव दोघींचाही आहे. आशाबाईचे गुडघे आता धरतात. तिचे धरत नाहीत.

म्हणून ही गोष्ट तुमच्यापर्यंत आणली. ऐकून नुसते हात जोडू नका. घरी जा, देवासमोरची जागा कोरड्या फडक्यानं पुसा आणि उद्यापासून कार्तिकीपर्यंत तेहेतीस गोपद्मं काढा. मागताना आपल्यासाठी काही मागू नका. म्हणा, आरमोरीची दिव्यानी गुणवंतराव हिच्या आईचं ऐक. आणि बाई, पूजताना मोजून पूज. तेहेतीस झाली की हात मागं घे. पुढं अजून एखादं दिसलं, अगदी तुझ्याच हातचं वाटलं, तरी त्याला कुंकू लावू नकोस.